गोड्या पाण्याचा काठ कोणाच्या यादीत?

मागच्या व्याख्यानात आपण सामाईक मालमत्तेचा विचार केला. जे सगळ्यांचं असतं ते कोणाचंच उरत नाही, असं का होतं, हा तेव्हाचा प्रश्न होता. आज तोच प्रश्न एका जागेला लावून पाहू. जागा दूरची नाही. आपण अंबाडीत बसलो आहोत. इथल्या नाक्यावरून एक रस्ता भिवंडीला जातो, एक वाड्याला आणि एक वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे. त्या तिसऱ्या रस्त्याने गेलात की तानसा नदी लागते. अकलोलीची गरम पाण्याची कुंडं तिच्याच काठावर आहेत. वर शहापूर तालुक्यात याच नदीवर तानसा धरण आहे. १८९२ साली ते पूर्ण झालं, आणि तेव्हापासून मुंबई त्याचं पाणी पिते आहे.

विषय असा : गोड्या पाण्याच्या काठाचं दीर्घ पल्ल्याचं, प्रदेशभराचं जतन कसं योजायचं? तुम्ही म्हणाल, हा इंजिनियरचा किंवा वनखात्याचा विषय, तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं? आमचं उत्तर असं की यातले अवघड प्रश्न मोजमापाचे नाहीतच. काठ म्हणजे काय, दीर्घ म्हणजे किती, आणि जतन कोणासाठी व कोणाच्या खर्चाने, हे ते तीन प्रश्न. मोजपट्टी त्यांच्यानंतर येते.

काठ म्हणजे काय?

पहिला प्रश्न सोपा वाटतो. पाणी संपतं आणि जमीन सुरू होते तिथे काठ. पण तानसासारख्या जलाशयापाशी उभे राहा आणि हा काठ बोटाने दाखवा. गणपतीच्या दिवसांत तलाव भरलेला असतो, पाणी झाडांच्या बुंध्यांना टेकलेलं असतं. मे महिन्यात तिथेच या. पाणी कुठल्या कुठे मागे गेलेलं, मधे भेगाळलेला गाळ, त्यात गुरांच्या वाटा. आपल्याकडे अनेक धरणांच्या उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीवर लोक पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. एकच जमीन सहा महिने तलावाचा तळ असते आणि सहा महिने शेत किंवा कुरण. आता सांगा, काठ कुठे आहे?

नदीचंही तसंच. तुमच्यापैकी अनेकांनी वलगण पाहिली असेल, धरलीही असेल. पहिला जोराचा पाऊस झाला की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात. तिथे उथळ, कोमट पाण्यात अंडी घालतात. पिल्लं काही आठवडे तिथे वाढतात आणि पाण्याबरोबर खाली येतात. म्हणजे माशाच्या लेखी भातखाचर हा नदीचाच भाग आहे. तुम्ही ओढ्याच्या तोंडाशी भिंत घातलीत तर नदीला हातही न लावता तुम्ही नदी तोडलीत.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की करू. काठ ही रेषा नाही. काठ हा पट्टा आहे, आणि तो हलता पट्टा आहे. त्यात उघडा पडणारा गाळ येतो, काठावरची करंज-उंबर-जांभळाची झाडं येतात, ओढे येतात, खाचरं येतात. त्या मागचा डोंगरउतार आपण पाणलोट म्हणतो, तो पट्ट्याच्याही मागे उभा असतो, पण पट्टा जिवंत राहतो तो त्याच्या जिवावर.

हे नुसतं शब्दांचं भांडण वाटत असेल तर शासन काठाकडे कसं पाहतं ते बघा. आपल्या नद्यांना पूररेषा आखतात. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा हव्यातच. पण त्या कशासाठी आहेत? पाण्यापासून आपलं रक्षण व्हावं म्हणून. आपल्यापासून पाण्याचं रक्षण व्हावं म्हणून कुठली रेषा आहे?

समुद्राला आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम भरतीरेषेपासून आत पाचशे मीटरपर्यंत लागू होतात, खाड्यांतूनही वर येतात. पण ते येतात कुठवर? उन्हाळ्यात पाण्याचा खारटपणा हजारात पाच भाग इतका उतरतो तिथवर. पाणी गोडं झालं की तो कायदा परत फिरतो. पुढे २०१७ चे पाणथळ जागांचे नियम पाहा. पाणथळीच्या व्याख्येतून त्यांत काय काय वगळलं आहे? नदीचं पात्र, भातखाचरं, आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव. म्हणजे तानसा नदी, वलगणीची खाचरं आणि तानसा तलाव, आपल्या परिसरातल्या तिन्ही गोष्टी. उरली राज्याची नद्यांसाठीची नियमन क्षेत्राची नीती. नदीपासून ठरावीक अंतरात कोणते उद्योग चालतील ते तिने सांगितलं होतं. ती २००० साली आली, २००९ मध्ये सुधारली गेली आणि २०१५ मध्ये रद्द झाली.

याचा अर्थ काठाला काहीच संरक्षण नाही असा नाही. तानसा तलावाभोवती अभयारण्य आहे, प्रदूषणाचे कायदे आहेत, महापालिकेची मालकी आहे. पण हे सगळे कायदे शेजारच्या गोष्टींचे आहेत. जंगल एका खात्याकडे, पाणी दुसऱ्याकडे, बिनशेती परवाना तिसऱ्याकडे. काठ म्हणून काठ मात्र कोणाच्याच यादीत नाही.

एका डोंगराच्या कुशीतले तीन तलाव

यादीत असण्या-नसण्याने काय फरक पडतो, ते मुंबईतच दिसतं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९१ च्या सुमाराचा. तिन्ही एकमेकांच्या शेजारी, पाऊस तोच, डोंगर तेच. विहार आणि तुळशीच्या पाणलोटाला पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून संरक्षण मिळालं. ते जंगल आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे, आणि हे दोन्ही तलाव अजून मुंबईला पाणी देतात. पवईचं पाणी फार लवकर पिण्यातून बाद झालं. मग त्याची काळजी करायला कोणाला कारण उरलं नाही. भोवती शहर वाढलं, सांडपाणी शिरलं, जलपर्णी पसरली.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. पवईचं पाणी सुरुवातीलाच नापसंत ठरलं ते शहराने वेढल्यामुळे नव्हे, शहर नंतर आलं. पण त्यातून निघणारा धडा जास्त कडक आहे. जोवर कोणाला तरी पाणी प्यायचं होतं तोवर काठ राखला गेला. पिणारा गेला आणि राखणारा गेला. जतन हे प्रेमाने होतं असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा ते गरजेने होतं.

दुसरीही एक गोष्ट या तलावांकडून शिकण्यासारखी आहे. ज्या माणसांनी विहारचं पाणलोट राखायचं ठरवलं, ती कोणासाठी ठरवत होती? तेव्हाच्या काही लाखांच्या मुंबईसाठी. आजची मुंबई त्यांच्या कल्पनेतही नसेल. तरी ते जंगल आज आपल्या उपयोगी पडतं. ज्यांना आपण कधी भेटणार नाही त्यांच्यासाठी काम होऊ शकतं, ते झालेलं आहे.

दीर्घ म्हणजे किती?

आता दुसरा प्रश्न. सरपंचाची मुदत पाच वर्षं. अधिकाऱ्याची बदली साधारण तीन वर्षांत. विकास आराखडा वीस वर्षांच्या हिशेबाचा. आणि तानसाचं धरण सव्वाशे वर्षांहून जास्त काळ उभं आहे. ज्याचं आयुष्य शंभर-दीडशे वर्षांचं, त्याचे निर्णय तीन आणि पाच वर्षांच्या मापाने होतात. इथेच खरी गाठ आहे.

तत्त्वज्ञानात याविषयी एक नामी अडचण मांडलेली आहे. डेरेक पारफिट या ब्रिटिश विचारवंताने १९८४ च्या आपल्या ग्रंथात ती मांडली. शंभर वर्षांनी जी माणसं असतील ती नेमकी कोण असतील, हेच आपल्या आजच्या निर्णयांवर अवलंबून आहे. रस्ता कुठून गेला, कारखाना कुठे आला, कोण कुठे स्थलांतरित झालं, कोणाचं लग्न कोणाशी झालं, यावरून पुढची माणसं ठरतात. आपण काठ उद्ध्वस्त केला तर वेगळी माणसं जन्मतील, राखला तर वेगळी. मग पहिल्या माणसांनी तक्रार कशी करायची? काठ राखला असता तर ती जन्मलीच नसती!

ऐकायला हे शब्दांचं कोडं वाटतं, पण भावी पिढ्यांचा हक्क हा शब्द आपण किती सैल वापरतो ते यातून कळतं. आमचं म्हणणं असं आहे की कर्तव्य अमुक एका व्यक्तीशी जोडायची गरजच नाही. शंभर वर्षांनी इथे कोण असेल ते ठाऊक नाही, पण जो कोणी असेल त्याला तहान लागेल, हे ठाऊक आहे. वाटसरूसाठी रस्त्यावर पाणपोई घालतो तेव्हा कुठल्या वाटसरूचं नाव आपल्याला माहीत असतं? नाव माहीत नसलेल्या माणसाचं देणं लागतो ही कल्पना आपल्याला पारफिटच्या आधीपासून ठाऊक आहे. तिला फक्त नियोजनाच्या भाषेत आणायचं आहे.

नियोजनाच्या भाषेत म्हणजे कसं? इथे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांकडे एक नजर टाकू, कारण गोड्या पाण्याच्या एवढ्या लांब काठाचं नियोजन दुसरीकडे क्वचितच झालं असेल. जगातल्या भूपृष्ठावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्या पाच सरोवरांत आहे. काठावर दोन देश. त्यांनी १९०९ मध्ये सीमेवरच्या पाण्याचा तह केला आणि १९७२ मध्ये पाण्याच्या दर्जाचा करार. साठच्या दशकात ईरी सरोवर मेलं असं लोक म्हणू लागले होते. फॉस्फरसवर बंधनं आली, सरोवर सावरलं, सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्याच ईरीकाठच्या टोलेडो शहरातल्या लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. शेतांतून वाहून आलेल्या खतांवर विषारी शेवाळ माजलं होतं.

दोन गोष्टी घ्या यातून. एक, नियोजनाची हद्द पाण्याने ठरवली, राज्याने नाही. आपल्याकडे २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि तानसा नदी दोन जिल्ह्यांची झाली. नदीला त्याचा पत्ता नाही, पण फाइलीला आहे. दुसरी गोष्ट, जतन एकदा झालं म्हणजे झालं असं नसतं. करार केला, सुधारला, पुन्हा सुधारला, १९७८, १९८७, २०१२. दीर्घ पल्ल्याची योजना म्हणजे शंभर वर्षांचा नकाशा नव्हे. दर काही वर्षांनी आपण चुकलो का हे विचारायची शंभर वर्षांची सवय, ती योजना.

कोणाच्या खर्चाने?

आता तिसरा प्रश्न, आणि तो आम्हाला सगळ्यांत जड वाटतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या भातसात. भातसा आणि तानसा दोन्ही शहापूर तालुक्यात. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या गावापाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावं लागतं. ही बातमी इतकी जुनी झाली आहे की ती आता बातमी वाटत नाही. तलाव दिसतो, जलवाहिनी दिसते, आणि बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघत उभी असते.

त्या बाईसमोर जाऊन आपण म्हणायचं, काठ जपा, झाडं तोडू नका, भावी पिढ्यांचा विचार करा. ती काय म्हणेल? ती म्हणेल, आधी या पिढीचं बघा. आणि तिचं बरोबर आहे. ज्याला काठाचा फायदा नाही त्याच्याकडून काठाच्या राखणीची अपेक्षा करणं याला आम्ही जतन म्हणत नाही. ती वेठ झाली.

त्यात काठावर ओढ दोन्ही बाजूंनी आहे. भिवंडीकडून गोदामं सरकत आहेत, वाड्याकडे कारखाने आहेत, नदीकाठच्या जमिनीला शेतघर आणि रिसॉर्टवाल्यांचा भाव मिळतो. भातातून काय सुटतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. शेतकऱ्याने काठाची जमीन विकली तर त्याला दोष कसा द्यायचा? दुसरीकडे मुंबईची तहान वाढतेच आहे. वाडा तालुक्यातला गारगाई धरणाचा प्रकल्प गेली अनेक वर्षं चर्चेत आहे. त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळावं अशी योजना आहे, आणि त्यासाठी तानसा अभयारण्याचं जंगल आणि काही गावपाडे पाण्याखाली जातील. म्हणजे एका तलावाचं पाणलोट राखणारं जंगल दुसऱ्या तलावासाठी बुडवायचं! मुंबईने पाणी मागूच नये असं आम्ही म्हणत नाही. चाळीतल्या माणसालाही तहान असते. पण दोन तहानांचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे. आज त्या दोन वेगळ्या वह्या आहेत.

एका शहराने हा हिशेब एकत्र मांडून पाहिला आहे. न्यू यॉर्कचं बहुतेक पाणी दूरच्या डोंगरांतल्या जलाशयांतून येतं. नव्वदच्या दशकात त्यांच्यापुढे प्रश्न आला की अब्जावधी डॉलर खर्चून गाळण प्रकल्प उभारायचा की पाणलोटच राखायचं? १९९७ मध्ये शहराने वरच्या गावांशी करार केला. काठालगतच्या जमिनी विकायला तयार असलेल्यांकडून विकत घेतल्या, शेतकऱ्यांना शेण-खत ओढ्यात जाऊ नये यासाठी पैसे दिले, गावांच्या सांडपाण्याची सोय केली. गाळण प्रकल्पापेक्षा ते स्वस्त पडलं. आता त्या शहराचा इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही. तेच जलाशय बांधताना त्यांनीही गावं बुडवली होती, आणि त्याची सल तिथे अजून आहे. म्हणूनच तर करार महत्त्वाचा. वरचा माणूस त्यात अडथळा राहिला नाही, तो करारातला दुसरा पक्ष झाला.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी, ज्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, जगभरची कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा अभ्यासून हेच दाखवलं. सामाईक गोष्ट सरकारने ताब्यात घेतली किंवा खाजगी केली तरच टिकते असं नाही. वापरणारी माणसं नियम बनवण्यात सामील असतील, त्यांना राखणीचा लाभ मिळत असेल आणि नियम मोडणाऱ्याला जाब विचारता येत असेल, तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरउतारांवर ताली-बंधारे घालून माती आणि पाणी अडवण्याची सूचना केली होती. पाण्याचा विचार त्यांनी शेतकऱ्यापासून सुरू केला, हे लक्षात घ्या.

मग करायचं काय?

तत्त्वज्ञानाचा माणूस प्रश्न विचारून निघून जातो अशी आमच्यावर टीका होते. म्हणून चार गोष्टी सांगून थांबतो. यांतली एकही नवीन नाही, पण एकत्र कोणी केलेल्या नाहीत.

पहिली, काठाची यादी. तानसा खोऱ्यातली प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या हद्दीतला पट्टा लिहून काढू शकते. कुठले ओढे, कुठले डोह, वलगण कुठे चढते, उन्हाळ्यात कुठल्या विहिरीत पाणी टिकतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकांची नोंदवही ठेवायची सोय केलेलीच आहे. ती नुसती कागदापुरती न ठेवता गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि शाळेच्या पोरांना बरोबर घेऊन भरायची.

दुसरी, काठावरच्या गावाला आधी पाणी. ज्या गावाच्या शिवारातून जलवाहिनी जाते त्या गावात टँकर येता कामा नये. ही दया नव्हे, ही जतनाची पहिली अट आहे. ती पाळली नाही तर पुढची सगळी व्याख्यानं पोकळ.

तिसरी, पिणाऱ्याने राखणाऱ्याला द्यावं. मुंबईच्या पाणीपट्टीतला लहानसा का होईना, ठरावीक वाटा या खोऱ्यातल्या ग्रामसभांकडे काठाच्या राखणीसाठी यावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगल राखण्याचा अधिकार आहे. अधिकाराला पैशाची जोड मिळाली तर शेतकऱ्याला काठ विकण्यापेक्षा राखणं परवडेल.

चौथी, ठरलेली उजळणी. दर पाच वर्षांनी दोन्ही जिल्ह्यांनी, महापालिकेने आणि गावांनी एकत्र बसून नोंदवही उघडायची. पाणी कसं आहे, डोह किती बुजले, मासे चढतात का? आणि त्या बैठकीत एका माणसाचं काम एवढंच असावं की प्रत्येक निर्णयाला विचारायचं, पन्नास वर्षांनी इथे पाणी भरायला येणारा यावर काय म्हणेल? तो माणूस आज नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलणारं कोणीतरी हवं.

जाता जाता एक काम देतो. परतताना अर्धा तास वाट वाकडी करा आणि नदीवर जा. तुमच्या गावाजवळचा काठ कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, ते चालून पाहा आणि कागदावर काढा. चुकीचा निघाला तरी चालेल. पुढच्या वेळी येताना तो कागद घेऊन या, आपण ते सगळे एकमेकांना जोडून पाहू. यादीची सुरुवात तिथूनच होईल.